प्राध्यापकांना कोण शिकवतं?

पत्रिकेवर आजचा विषय 'महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास' असा छापलेला आहे. एवढं लांबलचक नाव वाचून गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडावर आलेला माणूस सभागृहाकडे वळेल अशी मला फारशी आशा नव्हती. तरी तुम्ही आलात. समोर बरीच तरुण शिक्षक मंडळी दिसताहेत, भिवंडीची, वाड्याची, शहापूरकडची. मी मुख्यतः त्यांच्याशीच बोलणार आहे. बाकीच्यांनी मुलाबाळांच्या कॉलेजची गोष्ट म्हणून ऐकावं.

प्रश्न साधा आहे. पहिलीच्या वर्गावर उभं राहायचं तर डी.एड. लागतं. आठवीच्या वर्गावर जायचं तर बी.एड. लागतं. आणि एफ.वाय.च्या वर्गावर? तिथे एम.ए., एम.एस्सी. लागतं, नेट किंवा सेट लागते, पीएच.डी. असली तर उत्तम. म्हणजे विषय येतो की नाही, हे आपण कसून बघतो. शिकवता येतं की नाही, हे कोणी विचारतच नाही. मुलाखतीत कुठे पाच मिनिटं फळ्याजवळ उभं करतात, तेवढंच. असं का झालं? याला इतिहास आहे, आणि तो इतिहास मला वाटतं आजच्या तुमच्या अडचणीपर्यंत सरळ येऊन पोचतो.

शाळेच्या बाजूला ही समज आपल्याकडे फार लवकर आली होती. सावित्रीबाई फुले यांचं आपण १८४८ च्या शाळेसाठी स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या, हे आपण घाईघाईत सांगून मोकळे होतो. म्हणजे या देशातल्या पहिल्या काही शिक्षिकांपैकी एक बाई प्रशिक्षित शिक्षिका होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा विद्वान प्राचार्य होता. 'शालापत्रक' नावाचं मासिक शिक्षकांसाठी चालत होतं, ते पुढे विष्णुशास्त्र्यांनीही सांभाळलं. मुंबईत १९०६ साली माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९३५ साली ट्रेनिंग कॉलेज काढलं, आणि ते मुद्दाम ग्रामीण शिक्षकांसाठी काढलं. त्यानंतर रयतच्या व्हॉलंटरी शाळा खेडोपाडी गेल्या. क्रम लक्षात घ्या: माणसं आधी तयार केली, शाळा मागाहून वाढवल्या.

कॉलेजच्या बाबतीत क्रम उलटा लागला.

याच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. ज्याला येतं त्याला शिकवता येतंच, अशी. मी तत्त्वज्ञान शिकवत आले, म्हणून एक आडवळण घेते, रागावू नका. पतंजलीच्या महाभाष्यात विद्येचे चार काळ सांगितले आहेत: आगमकाल, स्वाध्यायकाल, प्रवचनकाल आणि व्यवहारकाल. गुरूकडून घेणं, स्वतः घोटणं, दुसऱ्याला सांगणं आणि वापरणं. माझ्या दृष्टीनं यात महत्त्वाचं हे की प्रवचन हा विद्येचाच एक काळ मानला आहे. विद्या पूर्ण झाली आणि मग उरलेल्या वेळात ती वाटली, असं नाही. सांगण्यातही विद्या अजून घडते आहे. ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइलनं १९४९ साली 'अमुक असं आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं हे येणं' यांतला फरक मांडला, तो आपण एम.ए.ला शिकवतो, परीक्षेत विचारतो. पण तो फरक आपल्याच वर्गाला लावून बघायचं आपल्याला सुचत नाही.

तर कॉलेजं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. तिथले आजीव सदस्य वीस वर्षं पंच्याहत्तर रुपये पगारावर काम करायची शपथ घेत. त्या त्यागाच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मला त्यात दुसरं काही दिसतं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे गणित शिकवत, इंग्रजी शिकवत, मग इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवू लागले. संस्थेला ज्या विषयाचा माणूस हवा तो विषय गोखले उभा करीत. 'हुकमी प्राध्यापक' अशा अर्थाचं टोपणनावच त्यांना पडलं होतं. त्यांना अर्थशास्त्र कोणी शिकवलं? वर्गानं आणि तयारीनं. पुढे सगळा देश ज्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं वाचत असे, ते गोखले त्या वर्गात घडले. गोखल्यांच्याच बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे १८९१ साली गणित शिकवायला आले. र. पु. परांजपे केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, आणि कुठेही मोठी नोकरी मिळाली असती ती सोडून दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनला परत आले, १९०२ पासून प्राचार्य झाले. आपल्या माणसाला बाहेर पाठवायचं, त्यानं शिकून परत यायचं, आणि आल्यावर त्याच्याकडून सगळ्यांनी शिकायचं, ही पद्धत तेव्हा एका संस्थेच्या बळावर चालत होती. भाऊरावांनीही तेच केलं. रयतच्या वसतिगृहातला एक मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आला आणि रयतच्याच कामाला लागला, ते पी. जी. पाटील. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पण हे संस्थेच्या जिवावर, ध्येयवादाच्या जिवावर. ज्याच्या संस्थेला ध्येय नाही त्यानं काय करावं, याचं उत्तर यात मिळत नाही.

अंमळनेरबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय माझ्या विषयाच्या माणसाला पुढे जाता येणार नाही. श्रीमंत प्रताप शेटजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातलं तालुक्याचं गाव, आणि तिथे घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी माणसं एकत्र राहून वाचत होती, वाद घालत होती. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते. मलकानी, दास आणि मूर्ती यांनी मिळून अज्ञान या एका संकल्पनेवर पुस्तक लिहिलं, ते १९३३ साली निघालं. तिघांचीही मतं वेगळी होती आणि तिघांचाही आपापला हट्ट होता. आमचे साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी याच मंदिरात राहिले होते, आणि मग त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात गेले. आता याला प्रशिक्षण म्हणायचं की नाही? प्रमाणपत्र नव्हतं, तासिका नव्हत्या, मूल्यमापन नव्हतं. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका पिढीवर त्या गावाचा ठसा आहे. तालुक्याच्या गावात असं होऊ शकत नाही असं जे म्हणतात, त्यांनी अंमळनेरला जाऊन यावं.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोग आला, १९४८-४९. त्यानं सुट्टीत उजळणी वर्ग घ्यावेत असं सुचवलं, पण ते हायस्कूल आणि इंटरमीजिएटच्या शिक्षकांसाठी. त्याच आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. त्यातून १९५४ ची श्रीमाळी समिती, आणि १९५६ पासून ग्रामीण संस्था, म्हणजे रूरल इन्स्टिट्यूट. महाराष्ट्रात एक अमरावतीला निघाली, एक गारगोटीला. अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे गावाजवळ, कमी खर्चात, आसपासच्या कामाधंद्याशी जोडलेलं दोन-तीन वर्षांचं शिक्षण, त्याच्या सगळ्यात जवळ आपण जर कधी गेलो असू तर ते या संस्थांमध्ये.

गारगोटीचं मौनी विद्यापीठ १९४७ चं. त्यामागे जे. पी. नाईक हा माणूस होता. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचा. शिक्षणावर त्यांच्याइतका व्यापक विचार केलेली फार थोडी माणसं या देशात झाली, आणि महाराष्ट्रात त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे हा प्रश्न मी विचारत नाही. चित्रा नाईक यांनीही गारगोटीला काम केलं. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळं एका आवारात, आणि आवार शेताला, गावाला जोडलेलं. ग्रामीण सेवेचा तीन वर्षांचा डिप्लोमा होता. केंद्र सरकारनं नोकरीसाठी तो पदवीसारखा धरला. शिकवणाऱ्याला गावात जाऊन काम करावं लागे. विस्तारकार्य हा त्याच्या नोकरीचा भाग होता, रविवारची हौस नव्हती.

हे का टिकलं नाही? डिप्लोमा कितीही चांगला असला तरी शेतकऱ्याच्या मुलाला बी.ए. हवं होतं. त्याला तुम्ही दोष देऊ शकत नाही. शहरातल्या मुलाला पदवी आणि खेड्यातल्या मुलाला डिप्लोमा, याचा वास त्याला बरोबर आला. हळूहळू या संस्था विद्यापीठांना जोडल्या गेल्या आणि इतर कॉलेजांसारख्या झाल्या. जे शिक्षक गावात जाऊन शिकवायला शिकले होते, ते पुन्हा फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. २०१३ मध्ये यूजीसीनं कम्युनिटी कॉलेजची योजना आणली तेव्हा गारगोटीची आठवण कोणी काढल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

नाईक मात्र थांबले नाहीत. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या अहवालात कॉलेजच्या नव्या अध्यापकांसाठी सुरुवातीलाच ओळखवर्ग घ्यावेत, आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची स्टाफ कॉलेजं काढावीत, अशी शिफारस आहे. साल १९६६. पुढचं साल लक्षात ठेवा, ते मी नंतर सांगते.

त्याच काळात इकडे काय चाललं होतं? १९६० ला राज्य झालं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. ई.बी.सी. सवलतीमुळे गरिबाचं पोर कॉलेजात जाऊ शकलं. साखर कारखान्याच्या, शिक्षणप्रसारक मंडळाच्या बळावर तालुक्या-तालुक्याला कॉलेज निघालं. शिकवायला कोण? नुकतीच एम.ए. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलं. मीही त्यांतलीच. १९७४ साली मी पहिल्यांदा वर्गावर गेले, तेव्हा कार्यालयातून मला तीन गोष्टी मिळाल्या: टाईमटेबल, खडू आणि हजेरीपट. समोर ऐंशी मुलं. निम्मी चालत आलेली. मी देकार्तपासून सुरुवात केली. आमच्यापैकी प्रत्येकानं आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांची नक्कल केली, आणि त्यांनी त्यांच्या गुरुजींची केली होती. नोट्स देणं ही आमची एकमेव परंपरा.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी साठच्या दशकात उन्हाळी शिबिरं सुरू झाली. मग विज्ञान महाविद्यालयांच्या सुधारणेची योजना, 'कोसिप', आणि तिच्या पाठोपाठ आम्हा कलाशाखावाल्यांसाठी 'कोहसिप'. फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम होता, त्यात एम.फिल., पीएच.डी.साठी रजा मिळे आणि बदली शिक्षकाचा पगार यूजीसी देई. ही योजना खरोखर चांगली होती. पण यातून माणूस संशोधक होऊन परत येई. शिकवण्याबद्दल तीही गप्पच.

माझ्या मते त्या काळात मराठी प्राध्यापकाचं खरं शिक्षण वाईत झालं, आणि त्याला कोणी ते नाव दिलं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाचं काम पाहत होते. पहिला खंड १९७६ साली आला. आडगावच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला पत्र यायचं, अमुक नोंद लिहा, इतक्या शब्दांत, मराठीत. नोंद जायची, संपादकाच्या खुणांसह परत यायची. पुन्हा लिहायची. ज्या माणसानं इंग्रजी पुस्तकातून इंग्रजी नोट्स काढून त्यांचं मराठी वर्गात तोंडी केलं होतं, त्याला पहिल्यांदा कळायचं की ही कल्पना मराठीत सांगायची तर आधी ती समजावी लागते. दे. द. वाडेकरांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ चा. त्यामागेही अशीच मेहनत. 'नवभारत'मध्ये लेख लिहायचा म्हणजे मे. पुं. रेग्यांसारख्या माणसाच्या नजरेखालून जायचं. रेगे कीर्ती कॉलेजात शिकवत होते, तेही पदवीच्या वर्गांना. हे मुद्दाम सांगते, कारण मोठं काम विद्यापीठाच्या विभागातच होतं असा एक समज आहे. १९८३ साली पुण्यात 'संवाद' झाला, त्यात दयाकृष्ण आणि रेगे यांनी पुढाकार घेतला होता. रसेलचा विधानांविषयीचा सिद्धान्त संस्कृतात मांडून नैयायिक पंडितांपुढे ठेवला, आणि तुम्ही याला काय म्हणाल, असं विचारलं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणारे लोक तिथे विद्यार्थी होऊन बसले. पंडितांनाही ते नवं होतं. दोन्ही बाजूंनी शिकायची तयारी असलेला असा कार्यक्रम मी नंतर फार कमी पाहिला.

आता ते साल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ चं, आणि १९८७ मध्ये यूजीसीनं अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली, देशभरात पहिल्यांदा अठ्ठेचाळीस. कोठारी अहवालानंतर एकवीस वर्षांनी! आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी ती होत गेली. नव्या शिक्षकाला चार आठवड्यांचा ओरिएंटेशन, जुन्याला तीन-चार आठवड्यांचा रिफ्रेशर. आणि त्याच वेळी नव्या वेतनश्रेणीत सीनियर स्केल, सिलेक्शन ग्रेडसाठी हे कोर्स सक्तीचे झाले.

इथे गाठ बसली, ती आजवर सुटलेली नाही. शिकणं पगाराला बांधलं गेलं. बांधलं नसतं तर लोक गेले नसते, हेही खरं. मी भाबडी नाही. पण बांधल्यावर लोक प्रमाणपत्रासाठी जाऊ लागले, आणि कोर्स चालवणारेही तसेच चालवू लागले. मी माझा ओरिएंटेशन कुठे केला ते सांगत नाही. चार आठवड्यांत साठेक व्याख्यानं ऐकली. चांगलं कसं शिकवावं यावर एक गृहस्थ दोन तास वाचून दाखवत होते. पण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस आम्हाला कॅमेऱ्यासमोर दहा-दहा मिनिटं शिकवायला लावलं आणि ते टीव्हीवर दाखवलं. रसायनशास्त्राचे एक लेक्चरर माझ्या शेजारी होते. ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तराला दोन सेकंदही थांबत नाही." चौदा वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण चौदा वर्षांत माझ्या वर्गात दुसरा शिक्षक बसलाच नव्हता. त्या एका वाक्यासाठी ते चार आठवडे वसूल झाले.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. चार आठवडे घर सोडून राहायचं. अंगावरचं मूल असेल, सासू आजारी असेल, तर बाई जायची कशी? माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी कोर्स पुढे पुढे ढकलला. मग प्रमोशन मागे पडलं, आणि त्यांच्या नंतर लागलेला पुरुष सहकारी त्यांच्या आधी रीडर झाला. नियमात बायकांविरुद्ध एक अक्षर नव्हतं.

पुढचा इतिहास पाट्या बदलण्याचा आहे. स्टाफ कॉलेजचं २०१५ च्या सुमाराला मनुष्यबळ विकास केंद्र झालं. २०१८ मध्ये 'स्वयम्'वर 'अर्पित' आलं, म्हणजे रिफ्रेशर मोबाईलवर. करोनात सगळंच ऑनलाइन झालं, आणि लहान मुलांच्या आयांना त्याचा खरोखर फायदा झाला, हे मान्य करायला हवं. कॅमेरा बंद ठेवून भाजी निवडता येते म्हणून नव्हे. पुण्याला जाऊन राहावं लागत नाही म्हणून. ५ सप्टेंबर २०२३ पासून मालवीय मिशन, एकशे अकरा केंद्रं.

आणि या सगळ्या योजनांचा पाया एकच आहे: प्रमोशन ज्याला आहे त्याच्यासाठी. समोर बसलेल्यांपैकी किती जण तासिका तत्त्वावर आहात? हात वर करू नका, मला दिसतंय. तुम्हाला सीनियर स्केल नाही, म्हणून तुम्हाला रिफ्रेशरला पाठवण्यात कॉलेजला रस नाही. गेलात तर तेवढ्या तासांचे पैसे बुडतात. फी खिशातून. मे महिन्यात तर मानधनच नाही. आज या तालुक्यातल्या कॉलेजांत वारली, कातकरी, मल्हार कोळी घरातून पहिल्यांदा पदवीला आलेली पोरं बसली आहेत, यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेली पोरं आहेत. त्यांच्यासमोर बऱ्याचदा उभे असता तुम्ही. म्हणजे सगळ्यात अवघड वर्ग ज्याच्याकडे, त्याच्यासाठी एकही योजना नाही. १९७४ ला मला निदान खडू आणि कायमची नोकरी मिळाली होती.

इथून फार लांब नाही, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच, कोसबाड आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे सगळ्या देशात गेला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा. आणि शिकवणाऱ्या बाईचं प्रशिक्षण? तिथेच, त्याच अंगणात, मुलं समोर असताना. एक शिकवते, दुसरी बघते, संध्याकाळी दोघी बोलतात. शिक्षक प्रशिक्षणाला कुठे जात नाही, प्रशिक्षण त्याच्या वर्गात येतं. कॉलेजच्या लोकांनी कोसबाडकडे बघितलं नाही, कारण ते बालवाडीवाल्यांचं. आपल्याकडे शिक्षणातही जात असते, आणि ती इयत्तेवरून ठरते.

म्हणून माझी एक सूचना आहे, ती फुकटातली आहे. भिवंडी, वाडा, शहापूर इथल्या कॉलेजांतल्या आठ-दहा जणांनी महिन्यातून एक शनिवार ठरवायचा. एकानं आपल्या वर्गात शिकवायचं, दोघांनी मागच्या बाकावर बसायचं. कायम नोकरीतल्यांनी तासिकावाल्यांना आपल्या वर्गात येऊ द्यायचं, आणि त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं. प्रमाणपत्र नाही, अहवाल नाही, फोटो तर मुळीच नाही. पहिल्या शनिवारी मी येते. तर्कशास्त्राचा तास कोणाचा असेल तर मला सांगा, मी मागे बसेन. वहीत नाव लिहायला बाहेर टेबल ठेवलंय. साडेसातची शेवटची एस.टी. ज्यांना गाठायची आहे त्यांचे प्रश्न आधी घेऊ.